गोळी चालू आहे, मग लस घेऊ का?

या वेळी आलेली पत्रं वाचायला बसले तर एकामागून एक तोच विषय. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, केमो-रेडिएशन संपलंय, हॉर्मोनची गोळी चालू आहे आणि आता लस घ्यायची की नाही ते कोणी धड सांगत नाहीये. कॅन्सर विभागात नर्स म्हणून माझी बरीच वर्षं गेलीत आणि हा प्रश्न मला तिथे रोज कोणीतरी विचारायचंच, म्हणून सगळं सदर यालाच देतेय.

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. माझं वय 54. तीन वर्षांपूर्वी डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, मग केमो, मग रेडिएशन, आता रोज लेट्रोझोलची एक गोळी, अजून निदान दोन वर्षं घ्यायचीये. केमोच्या वेळी विचारल्याशिवाय कुठलीही लस घेऊ नका असं बजावलं होतं, तेव्हापासून फ्लूची लस घेतलेलीच नाही, घरातले सगळे घेतात, मी नाही. गेल्या वर्षी फ्लू झाला आणि पंधरा दिवस अंथरुणात. खोकून खोकून बरगड्या दुखायला लागल्या तेव्हा कॅन्सर हाडात गेला की काय असं वाटून रात्र रात्र झोप नाही. जाऊबाई म्हणतात ट्रीटमेंट पूर्ण संपू दे, मग घे, आत्ता शरीर कमजोर असतं. खरं काय?

उत्तर : ताई, आधी सरळ सांगते, घ्या. जाऊबाई काळजीपोटी बोलतायत पण त्यांच्या डोक्यात अजून केमो आहे, आणि तुमची केमो कधीच संपलीये.

आपण सगळ्यालाच "ट्रीटमेंट चालू आहे" म्हणतो ना, घोटाळा तिथेच होतो. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, त्यात बोनमॅरोमधल्या, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार होतं तिथल्या पेशीही सापडतात, पांढऱ्या पेशी खाली येतात, म्हणून त्या काळात लसीबद्दल इतकं जपायला सांगतात. लेट्रोझोल तसलं काही करत नाही. पाळी गेल्यावरही शरीरात, जास्त करून चरबीत, थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं, ते बनवणारं अरोमाटेज नावाचं एन्झाइम ही गोळी अडवते, इतकंच तिचं काम. अनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन याच जातीतल्या. टॅमॉक्सिफेनचं काम जरा वेगळं, ते इस्ट्रोजेनच्या जागेवर स्वतः जाऊन बसतं आणि इस्ट्रोजेनला तिथे चिकटू देत नाही. 1962 साली ते बनवलं गेलं तेव्हा शोध चालला होता गर्भनिरोधक गोळीचा, कॅन्सरसाठी ते पुढे वापरात आलं. म्हणजे ही मुळात हॉर्मोनवर काम करणारी औषधं आहेत, प्रतिकारशक्ती दाबणारी नाहीत, आणि तुमच्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही बाईच्या शरीराला लस जशी लागू पडते तशीच तुमच्याही.

आणि "संपल्यावर घेऊ" म्हणजे कधी हो? ही थेरपी कमीत कमी 5 वर्षं, काहींना 7, काहींना 10 वर्षं असते. पन्नाशीत थांबलेली बाई वाट बघत बघत साठीला पोचते, आणि फ्लू, न्यूमोनिया ज्या वयात जास्त छळायला लागतात नेमकी त्या वयात ती लसीशिवाय असते. मला याचंच फार वाईट वाटतं, कारण केमोच्या वेळची सूचना बरोबर होती, ती आता लागू नाही एवढं एक वाक्य सांगायचं कोणाच्यातरी हातून राहून जातं.

तर फ्लूची लस दरवर्षी घ्यायची. दरवर्षी का, तर व्हायरस रूप बदलत राहतो आणि जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या सीझनच्या लसीत कुठले प्रकार घ्यायचे ते सुचवते, म्हणून मागच्या वर्षीच्या लसीवर या वर्षी विसंबून चालत नाही. घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे साथ सुरू व्हायच्या आधी घेतलेली बरी. इंजेक्शनवाली घ्या. नाकात फवारायची जी लस असते तिच्यात जिवंत पण कमजोर केलेला व्हायरस असतो, तिच्या वाटेला तुम्ही जायचं कारणच नाही. इंजेक्शनात जिवंत व्हायरस नसतो त्यामुळे लसीने फ्लू होऊ शकत नाही, एक-दोन दिवस दंड दुखेल, अंग मोडून येईल, तेवढंच. कोविड, न्यूमोनिया, हेपॅटायटिस बी, दर दहा वर्षांनी धनुर्वाताचा डोस, या सगळ्याही अशाच निर्जीव लसी आहेत आणि हॉर्मोनच्या गोळीबरोबर चालतात. आणि लसीच्या दिवशी गोळी चुकवायची नाही हं, रोजच्या वेळेला घ्यायची.

बरगड्यांचं म्हणाल तर खोकून दुखलेलं खोकला गेल्यावर हळूहळू जातं. पण हाडात एकाच जागी नवं दुखणं सुरू झालं आणि दोन-तीन आठवड्यांनीही हटलं नाही तर पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका, फोन करून दाखवून या. रात्र रात्र जागण्यापेक्षा ते बरं.

प्रश्न : माझं उजव्या बाजूचं ऑपरेशन झालंय, काखेतल्या 16 गाठी काढल्यात. लस देणाऱ्या मुलीने घाईत त्याच दंडात टोचली, मी बोलेपर्यंत सुई बाहेर. आता हात सुजेल का? आणि आमच्या ग्रुपमध्ये एकीचं दोन्ही बाजूंचं ऑपरेशन आहे, तिने कुठे घ्यायची?

उत्तर : घाबरू नका, एका टोचण्याने हात सुजण्याची शक्यता कमी आहे. एकेका सुईमुळे लिम्फिडीमा, म्हणजे हातात पाणी साचून येणारी सूज, होतोच असं ठामपणे दिसलेलं नाही, पण काखेतल्या ग्रंथी काढल्या की त्या हातातला पाणी वाहून नेणारा रस्ता अरुंद होतो, मग त्या हाताला विनाकारण सूज आणणारं काही करायचं कशाला, असा साधा विचार आहे. म्हणून नियम दुसऱ्या हाताचा. आता फक्त लक्ष ठेवा. टोचल्या जागी थोडी लाली, थोडं दुखणं दोन-तीन दिवस चालेल. लाली पसरायला लागली, हात गरम लागला, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, कारण ते इन्फेक्शन असू शकतं आणि अशा हातात ते लवकर वाढतं. अंगठी किंवा बाही घट्ट व्हायला लागली तरी दाखवा.

दोन्ही बाजू झाल्या असतील तर मांडीत घ्यायची, पुढच्या-बाहेरच्या बाजूला, तिथे चांगला जाड स्नायू असतो. लहान बाळांना तिथेच देतात की. फक्त आधी सांगायचं आणि कपडे तसे घालून जायचं. ज्यांच्या फक्त सेंटिनल म्हणजे पहिल्या एक-दोन-तीन ग्रंथी काढल्यात त्यांना हा धोका बराच कमी, तरी दुसरा हात मोकळा असताना तोच द्यावा.

माझ्या एक पेशंट होत्या, लस असो, रक्त काढायचं असो, बीपी घ्यायचं असो, ऑपरेशनच्या बाजूच्या मनगटाला लाल रुमाल बांधून यायच्या. खुर्चीत बसायच्या त्या पण अशा की तो हात भिंतीकडे. नर्सला कितीही घाई असली तरी तो रुमाल दिसायचाच आणि हात आपोआप थांबायचा. तोंडाने सांगायला संकोच वाटत असेल तर तुम्हीही खुशाल बांधा.

प्रश्न : कोविडचा बूस्टर घेतल्यावर तिसऱ्या दिवशी काखेत गाठ हाताला लागली. मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) पुढच्या आठवड्यात आहे. कोणाला सांगितलं नाहीये, नवऱ्यालासुद्धा नाही. काय समजू?

उत्तर : तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीये आणि सगळं तिच्यावर आहे, लस कुठल्या दंडात घेतली आणि गाठ कुठल्या काखेत आहे.

लस घेतलेल्या बाजूच्याच काखेत असेल तर बहुतेक वेळा ती ग्रंथी लसीमुळे फुगलेली असते. दंडात लस गेली की जवळची पहिली चौकी म्हणजे काखेतल्या ग्रंथी, तिथे प्रतिकारशक्तीच्या पेशी कामाला लागतात आणि ग्रंथी मोठ्या होतात, कोविडच्या एमआरएनए (फायझर, मॉडर्नासारख्या) लसींनंतर हे जास्त दिसलं. दोन-चार दिवसांत येते, दाबली की दुखते, बऱ्याच जणींची एक-दोन आठवड्यांत उतरते. सोनोग्राफी किंवा पेट स्कॅनवर मात्र ती त्याहून बरेच आठवडे दिसू शकते. 2021 च्या सुरुवातीला यावरून इतका गोंधळ झाला होता की मॅमोग्राफी लसीच्या आधी किंवा मग चार ते सहा आठवड्यांनी करा असं सुचवलं गेलं, पुढे अनुभव आल्यावर तो सल्ला मागे पडला आणि लसीसाठी मॅमोग्राफी लांबवू नका असं सांगायला लागले. तेव्हा तुमची अपॉइंटमेंट ठेवा. फक्त आत गेल्यावर टेक्निशियनला तारीख, लसीचं नाव आणि कुठला दंड हे तीनही सांगा, रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरांपर्यंत ते पोचलं पाहिजे, नाहीतर उगाच सुई घालून तपासायची वेळ येते.

गाठ ऑपरेशनच्या बाजूला असेल आणि लस दुसऱ्या दंडात घेतली असेल तर मात्र ती लसीच्या नावावर टाकायची नाही, उद्याच फोन करून दाखवायची. लस नेहमी दुसऱ्या हातात घ्या म्हणते त्याचं हे पण एक कारण आहे, काखेत काही आलंच तर कशामुळे आलं हे ओळखायला सोपं जातं. आणि लसीच्या बाजूची असली तरी टणक असेल, न दुखता वाढत असेल किंवा सहा आठवड्यांनी पण तशीच असेल तर तपासून घ्यायचीच.

आणि घरी सांगा हो. मॅमोग्राफीच्या खोलीबाहेर काखेवर हात दाबून बसलेल्या, पाच पाच मिनिटांनी परत चाचपून बघणाऱ्या बायका मी खूप पाहिल्यात, शेजारी कोणीतरी बसलेलं असलं की तो हात खाली तरी येतो.

प्रश्न : आईला (वय 62) लेट्रोझोलबरोबर रिबोसिक्लिब पण चालू आहे, 21 दिवस गोळ्या आणि 7 दिवस सुट्टी. रक्तात पांढऱ्या पेशी कमी येतात. तिला पण तुम्ही घ्या असंच म्हणाल का?

उत्तर : तिचं वेगळं, आणि बरं झालं विचारलंत. वर मी जे हॉर्मोनच्या गोळीबद्दल लिहिलं ते फक्त ती एकटी असेल तर. रिबोसिक्लिब, पाल्बोसिक्लिब, अबेमासिक्लिब या हॉर्मोनच्या गोळीला जोड म्हणून देतात त्या गोळ्यांनी न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, खाली येतात, एव्हरोलिमस तर प्रतिकारशक्ती दाबणारंच औषध आहे. आजकाल यातल्या काही गोळ्या कॅन्सर पसरलेला नसतानाही, परत येऊ नये म्हणून देतात, अबेमासिक्लिब 2 वर्षं, रिबोसिक्लिब 3 वर्षं, त्यामुळे बऱ्याच जणींना वाटतं माझी तर साधी हॉर्मोनचीच ट्रीटमेंट आहे. गोळ्यांची पाकिटं बघा, एकच नाव आहे की दोन.

आईला फ्लू, कोविड, न्यूमोनियाच्या निर्जीव लसी द्यायच्या, उलट तिला त्यांची गरज जास्त आहे. लस जरा कमी लागू पडेल कदाचित, पण काहीच नसण्यापेक्षा ते चांगलं. कधी द्यायची ते ऑन्कॉलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट दाखवून ठरवा, आणि पेशी फारच खाली असतील किंवा ताप असेल तर ते थांबायला सांगतील. जिवंत लसी मात्र नाही. म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, यलो फीव्हर, तोंडावाटे घ्यायची टायफॉइडची, नाकातली फ्लूची. घरातल्या बाकी सगळ्यांनी आपापल्या लसी वेळेवर घ्या, आईच्या भोवतीचे आजारी पडले नाहीत की तिचं निम्मं काम झालं.

प्रश्न : मी टॅमॉक्सिफेनवर आहे, वय 41, केमो लागलीच नाही. कामासाठी प्रवास आहे, यलो फीव्हरचं सर्टिफिकेट मागतात. जिवंत लस आहे म्हणे. मग?

उत्तर : जिवंत आहे, पण नुसत्या टॅमॉक्सिफेनमुळे ती बाद होत नाही. केमो झाली असती तर संपून निदान तीन महिने जायला हवे होते, तुमचा तो प्रश्नच नाही. दुसऱ्या कुठल्या आजारासाठी स्टेरॉइड चालू आहे का ते बघा, रोज 20 मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन दोन आठवडे किंवा त्याहून जास्त दिवस असेल तर जिवंत लस देत नाहीत. ऑन्कॉलॉजिस्टकडून दोन ओळींचं पत्र घ्या, "केमो झालेली नाही, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू नाही" एवढं त्यात असलं की लस देणाऱ्या डॉक्टरांना निर्णय घेता येतो. सर्टिफिकेट लसीनंतर 10 दिवसांनी लागू होतं, म्हणून आदल्या आठवड्यात धावपळ नको. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं.

प्रश्न : टॅमॉक्सिफेनने रक्ताच्या गुठळ्या होतात, कोविडच्या लसीनेही व्हायच्या असं वाचलं होतं. दोन्ही एकत्र म्हणजे डबल धोका ना? म्हणून मी लस टाळतेय.

उत्तर : असं वाटणं साहजिक आहे पण दोन्ही गुठळ्या वेगळ्या. टॅमॉक्सिफेनने पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात गुठळी होण्याचा धोका साधारण 2 ते 3 पट होतो, मुळात तो कमी असतो म्हणून बहुतेक जणींना काही होत नाही. ॲस्ट्राझेनेका (आपल्याकडची कोविशील्ड) लसीनंतर जे क्वचित दिसलं त्यात शरीर प्लेटलेटच्या एका प्रथिनाविरुद्ध अँटीबॉडी बनवायचं, प्लेटलेट्स खाली जायच्या आणि गुठळ्या व्हायच्या, त्याचा टॅमॉक्सिफेनशी संबंध नाही. एमआरएनए लसींमध्ये तो प्रकार नाही. आणि हे लक्षात घ्या की खुद्द कोविड किंवा जोरदार फ्लू झाला, आठ दिवस अंथरुणात पडून राहिलं, पाणी कमी प्यायलं की गुठळीचा धोका वाढतो, म्हणजे लस टाळून तुम्ही ज्याला घाबरताय तेच जवळ येतं.

एकच पोटरी सुजली, दुखायला लागली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं तर लस घेतलेली असो नसो, लगेच हॉस्पिटल गाठायचं. "लसीमुळे असेल, जाईल" म्हणत घरी थांबायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर सुई देण्याआधी सांगा, बारीक सुईने देतात आणि न चोळता दोन मिनिटं नुसतं दाबून धरायचं.

प्रश्न : अंडाशयाचं काम थांबवणारं गोसेरेलिनचं इंजेक्शन दर 28 दिवसांनी असतं. त्याच दिवशी लस घेतली तर चालेल का, परत परत सुट्टी मिळत नाही.

उत्तर : चालेल. ते पोटाच्या कातडीखाली, लस दंडात. फुलव्हेस्ट्रंट हे दुसरं हॉर्मोनचं इंजेक्शन असेल तर ते दोन्ही कुल्ल्यांत देतात, तेही चालतं. फक्त हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक ॲसिड सलाइनमधून असेल तर त्याने, विशेषतः पहिल्यांदा, दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी येते, मग कशाचा ताप ते कळत नाही, म्हणून दोन्हीत आठवडाभर तरी ठेवा.

प्रश्न : लस घेतल्यावर रात्री अंगाची आग आग झाली, घाम फुटला, सांधे दुखले. ताप म्हणू की माझे नेहमीचे हॉट फ्लॅशेस, गोळीने अंगातून उठणाऱ्या त्या गरम लाटा?

उत्तर : थर्मामीटर लावा, दुसरा उपाय नाही. हॉट फ्लॅश काही मिनिटांत येऊन जातो आणि पारा वर जात नाही. लसीचा ताप तासन्‌तास राहतो, सोबत थंडी वाजते, आणि एक-दोन दिवसांत संपतो. गोळीची सांधेदुखी सकाळी उठल्यावर बोटांत, गुडघ्यांत कडकपणा अशी असते आणि रोजची असते, लसीची अचानक सगळ्या अंगभर. पॅरासिटामॉल घेतलं तर चालतं, ते टॅमॉक्सिफेनच्या कामात अडथळा आणत नाही, पण त्रास व्हायच्या आधीच घेऊन ठेवायची गरज नाही. आणि रिबोसिक्लिबसारखी गोळी चालू असलेल्यांनी 38 डिग्री सेल्सिअसच्या (100.4 फॅरनहाइट) वर ताप गेला तर लसीचा असेल म्हणून स्वतःच ठरवायचं नाही, रात्री असलं तरी फोन करायचा.

प्रश्न : नागीण होऊन गेलीये एकदा, केमोच्या वेळी. परत होऊ नये म्हणून लस असते का? अनास्ट्रोझोल चालू आहे. आणि नातीला पुढच्या महिन्यात कांजिण्यांची लस आहे, ती माझ्याच कुशीत झोपते, तिला काही दिवस लांब ठेवू का?

उत्तर : असते. लहानपणीच्या कांजिण्यांचा व्हायरस नसांच्या मुळाशी झोपून राहतो आणि वयाबरोबर किंवा प्रतिकारशक्ती उतरली की नागीण होऊन उठतो, एकदा झाली म्हणून परत होत नाही असं नाही. दोन प्रकारच्या लसी निघाल्या होत्या. जुनी जिवंत होती, नवी, 2017 मध्ये आलेली शिंग्रिक्स, निर्जीव आहे आणि पन्नाशीनंतरच्या लोकांत तिने 90 टक्क्यांच्या वर संरक्षण दिलंय. तुम्ही नवीच घ्यायची. दोन डोस, मध्ये 2 ते 6 महिने. अंगावरचे फोड पूर्ण गेलेले असावेत एवढीच अट. दंड चांगलाच दुखतो हिने, एखादा दिवस अंग पण मोडून येतं, ते आधीच सांगते म्हणजे दुसरा डोस टाळणार नाही.

नातीला लांब ठेवू नका. अनास्ट्रोझोलमुळे तुमची प्रतिकारशक्ती कमी झालेली नाही, आणि तुम्हाला कांजिण्या होऊन गेल्यातच, त्याशिवाय नागीण होत नाही. लसीनंतर क्वचित एखाद्या मुलाच्या अंगावर थोडे पुरळ येतात, तसे आले तर ते झाकून ठेवा आणि तिला नेहमीसारखी कुशीत झोपू द्या.